कोष मोजण्याआधी पतंग पाहा

पावसाची पहिली झड बसली की बियाण्याच्या कोषांच्या माळांवर दिवेलागणीला टसरचे पतंग बाहेर पडू लागतात. अंडीपुंजांचा हिशेब डोक्यात घेऊन आपण खोलीत शिरतो; पतंगाकडे निवांत पाहणारे थोडेच.

एक मादी हातावर घ्या. पंखांचा पसारा वीतभराला थोडा कमी, रंग पिवळट किंवा राखी, पोट अंड्यांनी जड. चारही पंखांवर एकेक डोळा आणि त्याच्या मधोमध पारदर्शक पापुद्रा. दिव्यासमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसतो. नर लहान, विटकरी. त्याच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात, त्यांनीच तो अंधारात मादीचा गंध हुडकतो. दोघेही काही खात नाहीत. अळीने महिनाभर पानातून जे साठवले, त्यावरच पतंगाचे मोजके दिवस निघतात.

म्हणून पतंगाची तब्येत झाडावर ठरते. टसरच्या जातींपैकी बस्तरचा रैली सालावर वाढतो, झारखंडचा डाबा ऐन-अर्जुनावर, आणि आपला भंडारा ऐनावर. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या ढिवर कुटुंबांनी हा कोसा पिढ्यान्‌पिढ्या जपला. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि पानाच्या बुडाशी खालच्या बाजूला गाठी, ही ऐनाची खूण त्यांच्या पोरांनाही ठाऊक असते. कोवळ्या अळीला कोवळा पाला आणि मोठीला जून पाला लागतो, हेही. ऐन बोडकून ठेवला तर हाताशी पाला मिळतो, पण दरवर्षी तेच झाड ओरबाडले तर अळी उपाशी राहते आणि पुढच्या माद्या अंडी कमी देतात.

पेब्रिन रोगासाठी मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची रीत पाश्चर यांनी १८६०च्या दशकात घालून दिली, आणि ती आपण पाळतो. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, त्यामुळे ती तपासणी टळता कामा नये. पण नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी त्याआधीची आहे, आणि माझ्या मते तीच आपण सोडून दिली आहे.

या हंगामात एवढे करा. चुरगळलेल्या पंखांचा किंवा सुस्त पतंग जोडीला लावू नका, त्याची नोंद वहीत ठेवा. आणि रानातले कोष उतरवताना काही फांद्यांवरचे तसेच राहू द्या.