विश्लेषण : खांद्याचा सांधा बदलल्यावर पुन्हा खेळता येतं का?

जानेवारी 2019 मध्ये टेनिसपटू अँडी मरेच्या खुब्यात धातूचा सांधा बसवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. सांध्याची शस्त्रक्रिया म्हणजे खेळाला रामराम, हा समज त्याने मोडला. पण खुब्याचा हिशेब खांद्याला लागत नाही.

खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी म्हणजे जेमतेम बशी. गोळा तिच्यावर टिकतो तो भोवतीच्या स्नायूंमुळे. म्हणूनच आर्थरायटिसने सांधा झिजला की आधी हे स्नायू तपासतात. ते शाबूत असतील तर गोळा आणि वाटी मूळ जागीच बदलतात. फाटलेले असतील तर 'रिव्हर्स' पद्धत, म्हणजे वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी. फ्रेंच सर्जन पॉल ग्रामाँ यांनी 1980च्या दशकात रुजवलेली ही उलटापालट.

किती जण मैदानावर परततात?

2018 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 85 टक्के रुग्ण खेळाकडे परतले होते. मूळ पद्धतीत साधारण 93, रिव्हर्समध्ये 75. आकडा शेअर करण्याआधी थोडं थांबा. रिव्हर्सवाले मुळातच जास्त वयाचे, फाटलेल्या स्नायूंचे असतात, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. शिवाय इथे खेळ म्हणजे प्रामुख्याने पोहणं, गोल्फ, व्यायाम. कबड्डीतली पकड किंवा सीमारेषेवरून केलेला थ्रो त्यात शोधू नका. अंगाला अंग भिडणारे खेळ आणि जड वजनं टाळा, असंच बहुतेक सर्जन सांगतात.

घाई कुठे नडते?

मूळ पद्धतीत सांध्यापर्यंत पोहोचायला सहसा पुढचा एक स्नायू सोडवून नंतर परत शिवतात. दुखणं मात्र ही शिवण भरायच्या आतच कमी होतं. खरी गोची इथेच आहे. हात हलका वाटतो, रॅकेट खुणावते आणि शिवण उसवते. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, ताकदीचे व्यायाम तिसऱ्या महिन्याच्या आसपास, आणि स्मॅश किंवा सर्व्हिस सहा महिन्यांआधी सहसा नाहीच. प्रत्येकाचं वेळापत्रक त्याचा सर्जन ठरवतो.

पंचेचाळिशीतल्या खेळाडूला आणखी एक प्रश्न आहे. प्लास्टिकची वाटी वर्षानुवर्षांच्या ताणाने सैल होऊ शकते. ती पुन्हा बदलायची वेळ आली, तर नवी बसवायला हाड आधीपेक्षा कमी उरलेलं असतं.