शहाण्णव पायऱ्या आणि एक समुद्र
करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिरातील शहाण्णव पायऱ्यांच्या विहिरीत डोकावून पाण्याचा अदमास घेण्यात ज्याचे बालपण सरले, त्या करमाळकराने रत्नागिरीस मुक्काम करून मांडवी बंदरावर सायंकाळी निर्हेतुक बसावे आणि पाणी ही नुसती पाहत राहण्याचीही वस्तू आहे, हे उतारवयात प्रथमच शिकावे, यात विनोद आहे तसाच किंचित विषादही. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रज सरकारने १८८६ साली या नगरीत नजरकैदेत ठेवले, १९१० मध्ये त्याच्यासाठी टेकडीवर प्रासाद उभारला, आणि १९१६ साली तो येथेच निवर्तला; ज्या क्षितिजाकडे त्याने परतीच्या आशेने पाहिले असेल, त्याच क्षितिजाकडे भाट्याच्या पुळणीवर अनवाणी हिंडताना आम्ही केवळ आनंदापोटी पाहतो. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांवर पोसलेली जिव्हा बांगडा व सोलकढीपुढे प्रथम संकोचते आणि मग सारे इमान विसरून शरण जाते; रात्री मृदंगाच्या घोषात नमन-खेळ्यांतला संकासुर अवतरला की उरलासुरला परकेपणाही गळून पडतो. तरीही पिशवीत आमसुले बांधून गावी परतल्यावर विहिरीच्या तळाशी थरथरणारा आभाळाचा चतकोर दिसतो, तेव्हा समुद्राचे ऐश्वर्य मान्य करूनही मन त्या चतकोराशीच रुजू होते.