पवनचक्कीला जमीन देताय? २५ वर्षांनंतरचं आधी विचारा

बीड, धाराशिव भागात नव्या पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. एजंट गावात आला की बोलणं होतं ते एकरी पैशाचं. मशीन जुनं झाल्यावर काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात वनकुसवडे पठारावर दोन दशकांहून जास्त काळ पवनचक्क्या फिरत आहेत. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. जुनी काढून तिथं मोठी बसवायचं धोरण केंद्राने २०२३ मध्ये आणलं. पण काढायचा खर्च कोणाचा? लोखंडाला भंगारात भाव मिळतो, फायबरच्या पात्यांना फारसा नाही. काँक्रीटचा पाया जमिनीतच राहिला, तर तेवढ्या जागेत नांगर चालत नाही.

शिवाय जमीन फक्त खांबापुरती जात नाही. लांबलचक पाती आणायला रुंद रस्ता लागतो, वळणावरचे बांध फुटतात. पुढे विजेच्या तारा शेजाऱ्याच्या रानातून जातात, मग गावात भांडणं लागतात.

म्हणून सहीआधी चार गोष्टी कागदावर हव्यात:

- जमीन विकायची की भाडेपट्ट्याने द्यायची, आणि भाडेवाढ किती वर्षांनी.
- रस्ता आणि तारांचा मोबदला वेगळा.
- कंपनी दुसऱ्याला विकली, तरी करार नव्या मालकावर बंधनकारक.
- शेवटी मशीन आणि पाया काढायची जबाबदारी कंपनीची, त्यासाठी अनामत रक्कम.

करार इंग्रजीत असेल तर मराठीत मागावा, आपल्या वकिलाला दाखवावा. एजंटचा तोंडी शब्द २५ वर्षं टिकत नाही.