कमांडोचे गुडघे

कमांडो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळे कपडे, हातात बंदूक, हेलिकॉप्टरमधून दोरावरून सरसरत उतरणारा माणूस. त्याचे गुडघे, घोटे, कंबर काही येत नाही. सिनेमावाल्यांनाही त्यात रस नाही. खरं तर शांततेच्या काळात अशा पथकांचे जितके दिवस पायाच्या आणि पाठीच्या दुखण्यांपायी वाया जातात, तितके गोळी लागून जात नाहीत. आणि यातली बरीच दुखणी टाळता येतात, हे आता नुसतं मत राहिलेलं नाही.

दुखणं जुनंच आहे म्हणा. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करून करून सैनिकांचे पाय सुजतात याची नोंद केली. कारण काही त्याला कळलं नव्हतं. पुढे क्ष-किरण आले आणि १८९७ मध्ये दिसलं की पावलाची हाडंच तडकलेली आहेत. कुठे पडणं नाही, आपटणं नाही, नुसतं चालून! 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव तिथूनच आलं. आता स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

हे का होतं ते मला फार रंजक वाटतं. हाडावर रोज नवा ताण आला की शरीर ते हाड मजबूत करायला घेतं. पण त्यासाठी आधी जुना भाग काढून टाकावा लागतो. आपल्याकडे रस्ता चांगला करायचा म्हणून आधी खणून ठेवतात ना, अगदी तस्सं :-) खणणं लवकर होतं, भरणं महिनोन् महिने चालतं. म्हणजे प्रशिक्षण सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चंच असतं. स्नायू आणि दम मात्र भराभर वाढतात. जवानाला वाटतं, मी आता तयार झालो. उस्तादालाही वाटतं, गडी तयार झाला, वाढवा अंतर. आणि खाली रस्ता खणलेलाच!

इस्रायलचं उदाहरण बघा. १९८५ साली तिथल्या डॉक्टरांनी २९५ नव्या सैनिकांवर प्रशिक्षणभर लक्ष ठेवलं, तर त्यातल्या ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. जवळजवळ दर तिसरा पोरगा! मग त्यांनी हात धुऊन पाठपुरावा केला. बूट बदलले, बुटातल्या गाद्या बदलल्या, हाडांच्या ठिसूळपणावरचं औषधसुद्धा देऊन पाहिलं. पंचवीस वर्षांच्या खटाटोपानंतर, २००८ मध्ये, त्यांनी काय लिहावं? खरा फरक दोन गोष्टींनी पडला. रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालणं कमी केलं. एवढ्यावर प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त उतरलं.

झोप! म्हणजे आमची आजी सांगायची तेच. पण आजीचं म्हणणं शिस्तीच्या आड येतं ना. जवानाला झोपू न देणं हा जणू त्याला घडवण्याचाच भाग, अशी समजूत जगभर आहे.

अमेरिकन मरीन कोअरने सॅन दिएगोत बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणातलं धावणं ४० टक्क्यांनी कमी करून पाहिलं. स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्यावर आली आणि शेवटच्या तीन मैलांच्या धावेतली वेळ किंचितच वाढली. म्हणजे ते जास्तीचं धावणं दम वाढवतच नव्हतं, नुसती हाडं मोडत होतं. उलट आपण सगळे ज्यावर श्रद्धा ठेवतो त्या धावण्याआधीच्या स्ट्रेचिंगने, ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या दीड हजार भरतीवाल्यांवरच्या २००० सालच्या अभ्यासात, दुखापती कमी झाल्याच नाहीत. (ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण तेवढं केलं म्हणजे झालं, असं समजू नये.)

सर्वात चीड आणणारी गोष्ट छत्रीधारी सैनिकांची. उडी मारून जमिनीवर उतरताना घोटा मुरगळतो, म्हणून अमेरिकेत बुटावरून बांधायचा एक घोटापट्टा निघाला. १९९८ मध्ये छापून आलेल्या चाचणीत पट्टा न बांधणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांचा घोटा आतल्या बाजूला मुरगळला, बांधणाऱ्यांपैकी फक्त ०.३ टक्क्यांचा. पुढे काय झालं असेल? पट्टा बंद केला. खर्च फार आणि त्याने म्हणे दुसरीकडेच इजा होते, अशी कुजबुज. बंद केल्यावर घोट्याच्या दुखापती पुन्हा वाढल्या, हेही मग रीतसर मोजलं गेलं.

आपल्याकडेही वाघा सीमेवर पाय कपाळापर्यंत नेऊन जमिनीवर आपटायचा तो सोहळा २०१० मध्ये दोन्ही देशांनी थोडा सौम्य केला. तेव्हा जवानांच्या गुडघ्यांचा विषयही बातम्यांत आला होता. आपण टाळ्या वाजवायचो, गुडघे त्यांचे.

हे सगळं आज लिहायचं कारण घरचंच आहे. माझा भाचा पोलिसात आहे आणि एका विशेष पथकाच्या निवडीची तयारी करतोय. दिवाळीत आला तेव्हा जिना उतरताना कठड्याला धरत होता. खोदून विचारलं तर म्हणाला, "मावशी, नडगी दुखते गं, पण आईला सांगू नकोस. आणि तिकडे तर बोलायचंच नाही. एकदा नाव लागलं की बाहेर." (ताई, तू हे वाचशीलच. त्याला विचारूनच लिहितेय. तो डॉक्टरकडे जाऊन आलाय, काळजी नको.) नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबलं तर तो कळवळत होता. सगळ्या नडगीभर ठणका असणं वेगळं आणि बोटाखाली येणारं असं एक दुखरं ठिकाण असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो, एमआरआय लागतो. ते बहुतेकांना माहीत नसतं. एक्स-रे नीट आला की पोरगं खूश होऊन पुन्हा धावायला.

लोक म्हणतात, असे लाड केले तर कमांडो कसले? कठीण निवड हवीच, मलाही ते मान्य आहे. पण जिथे दुखणं सांगणाऱ्याला काढतात आणि लपवणाऱ्याला ठेवतात, तिथे तुम्ही ताकद निवडत नसता, लपवण्याचं कसब निवडता. मग तोच माणूस लंगडा घोटा घेऊन गडचिरोलीच्या जंगलात किंवा कुठल्या इमारतीच्या जिन्यावर उभा राहतो, आणि त्याच्या मागच्या चौघांना ते माहीत नसतं. पुन्हा दुखापत होण्याचा सर्वात मोठा धोका असतो जुन्या, पुऱ्या न भरलेल्या दुखापतीचा.

अमेरिकेच्या विशेष दलांनी फिजिओथेरपिस्ट पथकातच नेमले. जवानाने मेडिकलच्या रांगेत जाऊन नाव लावण्याऐवजी तोच माणूस रोज मैदानावर दिसतो, सहज बोलता येतं. आपल्याकडे प्रत्येक विशेष पथकात असा एक जण नेमायला फार पैसे लागणार नाहीत. अट एकच, त्याला सांगितलेलं दुखणं निवडीच्या कागदावर चढता कामा नये. बरं होऊन पुढच्या तुकडीत पुन्हा यायची मुभा असली तर पोरं बोलतील.

भाच्याला सहा आठवडे धावणं बंद सांगितलंय. सध्या गावच्या विहिरीत पोहतोय आणि माझ्यावर चिडलाय.