तळ्याच्या आधी कोण होतं?



भंडारदऱ्याला आलेला पाहुणा विचारतो, हे तळं कुणी बांधलं? गाईड लगेच सांगतो, इंग्रजांनी. १९१० साली काम काढलं, १९२६ साली पुरं झालं. धरणाला नाव विल्सन, तळ्याला आर्थर. पण तळ्याच्या आधी इथं कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

आम्ही होतो. महादेव कोळी आन् ठाकर. रतनगडाला उगवणारी प्रवरा आमच्याच वाड्यांवरून वाहायची. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. मग तेव्हा इथं वस्ती नव्हती का? याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. धरण त्यानंतर ६२ वर्षांनी सुरू झालं.

आमची वस्ती डोंगर बघून बसली. पाऊस अतोनात, माती थोडी. म्हणून नदीकाठच्या सपाटीला भाताची खाचरं, उताराला नागली-वरई, वर रानात हिरडा. धरण झालं आन् सपाटी बुडाली. पाणी कालव्यानं खाली राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला गेलं. माणूस उताराला सरकला. तर उतारावर फॉरेस्टची हद्द! पुढं १९८६ साली अभयारण्य झालं. आता तोच उतार कसतो म्हणून आम्हाला ‘अतिक्रमणवाले’ म्हणतात. सपाटी कुणी बुडवली, हे मात्र कुठल्याच नोटिशीत लिहिलेलं नसतं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं हा अन्याय मान्य केलाय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल, तर आदिवासीचा दावा होतो. पुरावा म्हणजे नुसता कागद नव्हे. जुनं घर, बांध, विहीर, मसणवट, देवाचा दगड, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, हे सगळं नियमात बसतं. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक वाडीनं आपला नकाशा आपणच काढावा. कुठल्या खाचराला काय नाव, वाघोबा कुठं, झरा कुठं, आजा कुठं पुरलाय, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यावं. ती माणसं आहेत तोवरच हे होईल. रानातली ही नावं कुण्या साहेबानं ठेवली नाहीत. ज्यानं जमीन कसली, त्यानंच ठेवली.

जल, जंगल, जमीन आमची!