गाडीतला आवाज कुणाचा?

बालमित्रांनो, आज एक कोडं घालतो. घाटातला रस्ता आहे. माणसांनी आणि सामानानं भरलेली जीप चढण चढते आहे. प्रत्येक अवघड वळणावर खालून कुठूनतरी 'कट्-कट्-कट्' असा आवाज येतो आणि गाडी सरळ झाली की थांबतो. मागच्या बाकावरची छोटी म्हणते, "काका, काहीतरी वाजतंय." काका म्हणतात, "जुनी गाडी आहे गं, वाजणारच!" आणि गाण्यांचा आवाज वाढवतात.

सांगा बघू, ती कट्-कट् गेली का? जाणार कशी? ती फक्त ऐकू यायची बंद झाली!

आज आपण अशा आवाजाचा माग काढायला शिकणार आहोत. त्यासाठी पाना-हातोडी लागत नाही. लागतात दोन कान, एक वही आणि थोडा धीर.

आधी इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी पोचते ते पाहू. इंजिन फिरतं. त्याची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. ती ताकदीचे दोन वाटे करते, एक पुढच्या चाकांना आणि एक मागच्या. तिथून निघतात लांब नळीसारखे प्रॉपेलर शाफ्ट. त्यांच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एक सांधा असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात. रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे चाकं वर-खाली झाली, तरी या सांध्यामुळे शाफ्ट फिरत राहतो. शेवटी येतो डिफरन्शियल. शाळेच्या कवायतीत रांग वळते, तेव्हा आतली मुलं जागच्या जागी पाय आपटतात आणि बाहेरच्यांना लांब ढांगा टाकाव्या लागतात, हो ना? गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. ती सवलत डिफरन्शियल देतो.

एवढ्या लांबलचक साखळीत वाजतंय कोण? इथेच गंमत आहे. गाडीचा सांगाडा लोखंडाचा. एका टोकाचा आवाज त्यातून दुसऱ्या टोकाला सहज पोचतो. म्हणून 'आवाज कुठून येतो?' या प्रश्नानं माणूस हमखास फसतो. हुशार मेकॅनिक विचारतो, 'आवाज कधी येतो आणि कशानं बदलतो?' चला, आपणही तेच विचारू.

पहिला प्रश्न : आवाज इंजिनाच्या चालीनं बदलतो की चाकांच्या? सपाट, मोकळ्या रस्त्यावर मोठ्या माणसांनी गाडी ताशी ४० किलोमीटर वेगानं आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये चालवायची. वेग तोच, म्हणून चाकं तितकीच फिरतात. इंजिन मात्र चौथ्यात सावकाश फिरतं. आपला आवाज दोन्ही वेळा सारखाच राहिला, तर इंजिनाला दोष देऊ नका. चोर गिअरबॉक्सच्या पुढे, चाकांच्या बाजूला आहे.

दुसरा प्रश्न : आवाज किती वेळा येतो? जरा गणित करू. चाकाचा व्यास ७० सेंटीमीटर धरला, तर एका फेरीत गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटर वेगानं ती १० सेकंदांत जवळजवळ २८ मीटर जाईल, म्हणजे चाकाच्या साडेबारा फेऱ्या झाल्या. चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साधारण ४ फेऱ्या होतात असं धरलं, तर शाफ्ट तेवढ्याच वेळात ५० वेळा फिरतो. तेव्हा १० सेकंदांत बारा-तेरा 'टिक्' मोजता आले, तर संशय चाकावर. मोजता मोजता बोबडी वळेल इतके भराभर आले, तर संशय शाफ्टवर. चाक असेल, तर गाडी थांबवून आधी टायरच्या खाचा पाहा. पुष्कळदा तिथे एक खडा अडकून बसलेला असतो! तो काढला की दुरुस्ती संपली.

तिसरा प्रश्न : वळताना काय होतं? 'घुंऽऽ' असा आवाज उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या चाकाचं बेअरिंग तपासायला हवं. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे कलतो, आणि ज्याच्यावर भार पडतो ते कुरकुरतं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्-कट् आली, तर पुढच्या चाकाजवळच्या सांध्यावर, म्हणजे सीव्ही जॉइंटवर पहिला संशय घ्यायचा. त्याच्यावर एक रबरी बूट असतो. तो फाटला की आतलं ग्रीस बाहेर उडतं, माती आणि पाणी आत शिरतं आणि सांधा झिजतो. आपल्या कोड्यातला चोर बहुधा हाच!

चौथा प्रश्न : ताकद दिल्यावर आणि सोडल्यावर काय होतं? गाडी निघताना किंवा रिव्हर्स घेताना एकच 'ठक्' आला, तर क्रॉस ढिला झाला असेल. अगदी हळू चालताना 'चिर्र-चिर्र' ऐकू आलं, तर क्रॉस कोरडा पडला असेल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंचाळणारा आवाज पाय उचलताच बदलला, तर डिफरन्शियलचे दाते आणि त्यातलं तेल पाहावं लागेल.

आणि एक गमतीचा आवाज तर काही मोडलेलं नसतानाही येतो. काही जीपमध्ये चारही चाकांची ताकद फक्त चिखलासाठी असते. तो दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढला, की वळताना गाडी अडखळते, टायर चिरकतात, खाली ठक्-ठक् होतं. का बरं? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. अशा जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण मोकळा होतो. डांबरावर तो जायचा कुठे? दांडा पुन्हा दोन चाकांवर आणला की आवाज बंद! प्रश्न न विचारता सगळं खोलून बसलं, तर आई-बाबांचा खिसाही उगाच रिकामा व्हायचा.

पण दरवेळी सुटका इतकी स्वस्त नसते, दोस्तांनो. बेअरिंग गुणगुणायला लागल्यावर दुर्लक्ष केलं, तर ते तापतं, चाक डुगडुगू लागतं आणि शेवटी जखडूही शकतं. क्रॉस तुटला तर फिरता शाफ्ट रस्त्यावर कोसळतो. हे घाटात घडलं तर? यंत्र मोडण्याआधी बहुतेक वेळा सूचना देतं. ती ऐकणारं कुणीतरी गाडीत हवं.

ते कुणीतरी तुम्ही असू शकता. रोज गाडी चालवणाऱ्याच्या कानाला आवाजाची सवय होते, कारण तो रोज कणाकणानं वाढतो. शिवाय वय वाढलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. तुमचे कान मात्र ताजे आहेत. म्हणून आई-बाबांनो, मागच्या बाकावरून कुणी "काहीतरी वाजतंय" म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. आधी गाणी बंद करा आणि ऐका.

मुलांनो, एक सक्त ताकीद. तुमचं काम बाकावर बसून ऐकायचं आणि लिहायचं. गाडीखाली शिरायचं नाही, जॅकवर चढवलेल्या गाडीजवळ जायचं नाही, फिरत्या भागांना हात लावायचा नाही. वहीत चार रकाने आखा : वेग, गिअर, वळण, ॲक्सिलरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदलून काय झालं ते टिपा आणि वही मेकॅनिककाकांना दाखवा. त्यांचं अर्धं काम झालेलं असेल.

घरी गाडी नाही? सायकल तर आहे! ती स्टँडवर लावा आणि हातानं पेडल फिरवा. कपडे आणि बोटं चेनपासून लांब ठेवा. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा आवाज आला, तर पेडल किंवा कॉटर पिन पाहा. पेडल थांबवूनही 'खर्र-खर्र' चालूच राहिली, तर चाकाला ब्रेक किंवा मडगार्ड घासत असेल. आणि चाक मोकळं फिरताना येणारी ती बारीक टिक्-टिक्? ती फ्रीव्हीलची. तो आजार नाही, सायकल ठणठणीत असल्याची खूण आहे!

तुमची सायकल काय म्हणाली, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.