हक्क राज्यांचा, पण कशाचा?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या संदर्भात ‘राज्यांचे हक्क’ हे शब्द आले की दक्षिणेकडील राज्ये केंद्राच्या दडपशाहीविरुद्ध उठली असा समज होतो. त्या काळचे कागद निराळेच सांगतात. साउथ कॅरोलिनाने २४ डिसेंबर १८६० रोजी फुटून निघण्याची जी कारणे जाहीर केली, त्यांत मोठी तक्रार उत्तरेकडील राज्यांविरुद्ध आहे. पळून आलेले गुलाम परत करण्याचा केंद्रीय कायदा ही राज्ये स्वतःचे कायदे करून निष्फळ ठरवतात! म्हणजे इतर राज्यांनी आपला हक्क बजावला, हाच गुन्हा. फुटीर राज्यांच्या १८६१ च्या घटनेत गुलामांसह कोणत्याही घटक राज्यात जाण्या-राहण्याचा हक्क होता. तो नाकारण्याची मुभा राज्यांना नव्हती. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये गुलामगिरीला नव्या राज्यव्यवस्थेची कोनशिला म्हटले, आणि पराभवानंतर तो लढा घटनात्मक तत्त्वाचा होता असे सांगणारा दोन खंडी ग्रंथ लिहिला.

डॉ. आंबेडकरांना हा इतिहास ठाऊक होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘युनियन’ शब्दाचे समर्थन करताना त्यांनी हेच सांगितले की, फुटून निघण्याचा हक्क राज्यांना नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकनांना यादवी लढावी लागली. आपण ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

भिलाईत हा वाद खनिजाच्या पैशाचा आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी रॉयल्टी हा कर नव्हे, खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांचा, असा निर्णय दिला. त्या खटल्यात समोरचा पक्ष भिलाई कारखान्याची मालक ‘सेल’ होती. राज्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. १९५६ पासून नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत वाहतूकखर्च समान करण्याच्या धोरणामुळे येथील पोलाद मुंबईलाही येथल्याच दराने मिळे. (त्याचा लाभ आपण मराठी मंडळींनी भरपूर घेतला.) त्यामुळे कराचा अधिकार राज्याला मिळाला, हे मला न्याय्य वाटते.

मात्र ‘हक्क कशाचा आणि कोणासाठी’ हा प्रश्न रायपूरलाही विचारायला हवा. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. छत्तीसगढ राज्य २००० चे. आणि त्या कायद्याचे राज्याने केलेले नियम २०२२ चे. दिल्लीकडे हक्क मागण्यात जी तत्परता दिसते, ती गावाला हक्क देताना बावीस वर्षे दिसली नाही.